निवाऱ्याचे दान आणि निवाऱ्याचा हक्क

गृहत्यागाला भारतीय धर्मपरंपरांनी मोठी प्रतिष्ठा दिली; परंतु ज्याला त्यागण्यासाठी घरच लाभले नाही त्याचे समाज काय देणे लागतो, हा प्रश्न मावळात विशेष तीव्रतेने उभा राहतो, कारण लोणावळ्याजवळची कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी ही स्वेच्छेने बेघर झालेल्यांसाठीच कोरली गेली. भिक्षूने एरवी फिरत राहावे, मात्र पावसाळ्यात तीन महिने एका जागी मुक्काम करावा, या नियमाला वर्षावास म्हणतात, आणि घाटमाथ्यावरचा पाऊस ठाऊक असणाऱ्याला त्यामागची निकड वेगळी सांगावी लागत नाही.

विनयपिटकात, म्हणजे भिक्षुसंघाच्या नियमग्रंथात, दात्याविना स्वतःसाठी कुटी बांधणाऱ्या भिक्षूला बुद्धाच्या वितीने बारा विती लांबी आणि सात विती रुंदी एवढीच मुभा आहे. शिवाय जागा इतर भिक्षूंनी पाहून मान्य करावी, तेथे जीवजंतूंना उपद्रव होऊ नये आणि कुटीभोवती वावरण्यापुरती मोकळीक असावी, अशा अटी आहेत. भाजे-बेडसे येथील विहारांतही खासगी खोली लहान, तिच्यात दगडी ओटा, आणि मंडप व पाण्याची टाकी समाईक, अशी रचना दिसते. अल्प खर्चातील घरबांधणीचा विचार आजही याहून फार पुढे गेलेला नाही.

कार्ले येथील एका शिलालेखानुसार क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने वलूरक, म्हणजे कार्ले, येथील लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या, म्हणजे गृहत्यागी साधकांच्या, निर्वाहासाठी करजिक हे गाव दान दिले, आणि तेही पंथभेद न करता. पुढे सातवाहनांनी ते दान चालू ठेवले. नुसते छप्पर पुरत नाही, त्यामागे अन्नाची कायमची तजवीज लागते, हे त्या दात्याला कळले होते.

याच मावळात कातकरी या आदिवासी जमातीची कुटुंबे पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाआधी वस्तीवर परततात. बाह्यतः हा वर्षावासच, पण सक्तीचा. अनेकांच्या झोपडीखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर असते, आणि घरकुलाचे अनुदान तर जागा असेल त्यालाच मिळते. या अडचणीसाठी 2015 मध्ये राज्याने पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावे जागाखरेदीची योजना आणली, तिची सुरुवातीची मर्यादा 50 हजार रुपये होती. जेथे बंगल्यांनी जमिनीचे भाव चढवले आहेत तेथे एवढ्याने काय साधणार?

भिक्षू दानावर जगू शकतो, कारण परावलंबन त्याने साधनेचा भाग म्हणून पत्करलेले असते. कातकरी कुटुंबाने ते पत्करलेले नाही, म्हणून त्याला निवारा दान म्हणून देणे हा त्याच्या माणूसपणाचा संकोच ठरतो. प्राचीन दानाचा आकृतिबंध मात्र येथे उपयोगी पडतो: विहार एका भिक्षूला नव्हे, तर चातुर्दिश संघाला, म्हणजे चारही दिशांच्या आलेल्या आणि येणाऱ्या सर्वांना दिला जाई, त्यामुळे तो कुणाला विकता येत नसे. वाडीची जमीन वाडीच्या सामूहिक नावाने आणि प्रत्येक घराचा ताबा त्या घरातील स्त्री-पुरुष दोघांच्या नावाने नोंदवला, तर भट्टीवर सहा-सात महिने गेलेल्या कुटुंबाच्या माघारी जागा बळकावणे अवघड होईल; आणि ही नोंद घराची पहिली वीट रचण्याआधी झाली पाहिजे.