आधी लगीन पेडगावचं

तुम्ही दोघांनी मिळून छोट्या शिपायांच्या चार लढाया मेजावर मांडायला घेतल्यात आणि अजून एकही लढाई झालेली नाही. आधी हे मान्य करा, मग पुढचं बोलू.

तुझ्याकडे शिरूरला पानिपतचे गारदी नुसता प्रायमर मारून पडलेत. याच्या दौंडच्या कपाटात वॉटर्लूचे फ्रेंच आहेत, निम्मे निळे आणि निम्मे राखाडी. पालखेडसाठी मागवलेले घोडे अजून पुडक्यातच आहेत. हळदीघाटीचं तर नावच काढू नका, तिथं एक हत्ती आणि सोंड तुटलेला दुसरा हत्ती, एवढीच फौज. आणि परवा फोनवर मला काय सांगितलंत? सर, यंदा दिवाळीला युनेस्कोच्या यादीतले बाराही किल्ले अंगणात करायचे. जुलै २०२५ मध्ये ते बारा किल्ले जागतिक वारशात गेले तेव्हा मलाही आनंद झाला. पण साल्हेरपासून पार तमिळनाडूतल्या जिंजीपर्यंतचे किल्ले एका अंगणात, पंधरा दिवसांत, ते कुणाच्या जिवावर? गेल्या दिवाळीचा राजगड आठवा. सुवेळा माचीचा पत्ता नव्हता आणि अळीव पेरायला इतका उशीर केलात की भाऊबीज झाल्यावर उगवला.

तुमच्या छंदाचा हिशेब तुम्हालाच कळत नाही, याचा मला राग येतो. चित्र अर्धं राहिलं तर निदान अर्धं चित्र म्हणून भिंतीला टेकवता येतं. तुमचा खेळ दोन्ही फौजा मेजावर उभ्या राहिल्याशिवाय सुरूच होत नाही. चार लढायांच्या अर्ध्यामुर्ध्या फौजा जमवून एक डावही मांडता येत नाही. तेवढेच पैसे आणि तेवढीच मेहनत एका लढाईला लावली असती, तर आज दर रविवारी खेळत बसला असतात. एच. जी. वेल्सनं १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहिलं, ते वाचलंय म्हणता ना? मग त्यातून घेतलंत काय? त्यानं जमिनीवर शिशाचे शिपाई मांडले, आडोशाला घरातली पुस्तकं लावली आणि खेळता खेळता नियम सुधारत नेले. नियम खेळून सुधारतात. तुम्ही नियमांच्या पीडीएफ जमवता.

आता तू आणलेला हा घोडा बघू. उजेडात धर. मानेवरून ही साच्याची शीर गेलीय, दिसते? रंगाआधी कानशीनं दोनदा घासली असतीस तर गेली असती. तू तशीच ठेवलीस, वरून वॉश मारलास, तो नेमका शिरेच्या कडेला साचला. आता घोड्याच्या मानेवर काळी रेघ कायमची. स्वाराचं पागोटं भगवं आहे, पण शेजारच्या स्वाराचा भगवा वेगळा, विटकरीकडे झुकलेला. का? कारण पहिले स्वार उन्हाळ्यात रंगवलेस, मग दुसऱ्या लढाईकडे पळालास, आणि परत आलास तेव्हा लाल-पिवळ्याचं ते मिश्रण काही केल्या जमेना. एका बैठकीत पुरेसा रंग कालवून डबीत भरून ठेवायचा असतो, हे मी तुम्हाला सातवीत शिकवलंय. व्हार्निश तर कुणालाच नाही. उचलताना अंगठा लागून भाल्याच्या टोकाचा रंग उडाला तो त्यामुळेच.

कंटाळा येतो म्हणता. येणारच. घोड्यांची तिसरी रांग रंगवताना तो सगळ्यांनाच येतो. पण हात तिथेच बसतो. पहिल्या रांगेत तुम्ही चाचपडता, दुसरीत जमतंय असं वाटतं, आणि तिसरीत कुंचला न थरथरता डोळ्यापर्यंत जातो. तुम्ही दर वेळी दुसऱ्या रांगेवर उठून नवं खोकं फोडता, म्हणून इतक्या दिवसांनंतरही पहिल्या रांगेचंच काम करता. घरी उसाचं बिल आलं की त्यातून तुमची खोकी येतात, याची तरी जाण ठेवा.

लढाई शोधायला वॉटर्लूला कशाला जाता? दौंडच्या पलीकडे, भीमेच्या काठाला पेडगाव आहे. तिथला बहादूरगड, आता ज्याला धर्मवीरगड म्हणतात, तुम्ही सहलीत पाहिलाय. लक्ष्मीनारायणाच्या देवळात डबे उघडून बसला होतात, तोच. १६७४ चा जून, रायगडावर राज्याभिषेक झाला. जुलैच्या मध्याला मराठ्यांचे २,००० स्वार पेडगावच्या मोगल छावणीवर चालून आल्यासारखे दिसले. सुभेदार बहादूरखान त्यांच्या मागे लागला आणि ते त्याला सुमारे ५० मैल लांब घेऊन गेले. इकडे ७,००० स्वार दुसऱ्या वाटेनं मोकळ्या छावणीवर पडले. एक कोटीची लूट, २०० उमदे घोडे, वर छावणीचे तंबू जाळले. जदुनाथ सरकारांच्या शिवचरित्रात हे सगळं आहे. त्या २,००० जणांना चकमकीचा मोह झाला असता तर? किंवा ७,००० मधले निम्मे बहादूरखानाच्या पाठीवर गेले असते तर? सगळी मोहीम एका छावणीसाठी होती आणि कुणीही आपलं काम सोडून दुसरीकडे वळला नाही.

हीच लढाई घ्या. एका घोड्याला दोनशे स्वार धरा. हुलकावणीचे दहा, छाप्याचे पस्तीस, म्हणजे मराठे झाले पंचेचाळीस. ते शिरूरला तू रंगवायचेस. दौंडला यानं पाठलागाचे वीस मोगल स्वार, छावणीचे पहारेकरी आणि तंबू करायचे. तंबूंना जुनं मांजरपाट पुरतं, विकत काही आणायचं नाही. पावसाळ्यातली लढाई आहे, तेव्हा घोड्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे हवेत. आणि पाऊस पडत असताना स्प्रे प्रायमर मारू नका, दमट हवेत त्याची खरखर उठते. उघडीप बघून मारा, नाहीतर कुंचल्यानं लावा.

दिवाळीचा किल्लाही हाच. बारा नाही, एक. भुईकोट आहे, डोंगर नाही, म्हणून सोपा समजू नका. डोंगरात वाकडी भिंत खपून जाते, सपाट जमिनीवरचा तट ओळंब्यात नसेल तर लहान पोरसुद्धा बोट दाखवतं. नदी दक्षिणेला ठेवा. अळीव वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्याच अंगणात, त्याच तटाशी डाव मांडायचा. पंच म्हणून मी येईन.

आणि पानिपत, वॉटर्लू, पालखेड, हळदीघाटी, चारही खोकी सुतळी बांधून माझ्या घरी आणून टाकायची. तू उद्या संध्याकाळपर्यंत, यानं रविवारपर्यंत. पंचेचाळीस आणि वीस, सगळ्या स्वारांवर व्हार्निश वाळलेलं मी स्वतः बोट लावून बघेन. तोवर एकही खोकं परत मिळणार नाही, आणि घरच्यांकडून फोन करवून घेतलात तरी माझं उत्तर हेच असेल.