घुमणे



दत्तभक्तहो, गेल्या जयंतीला नातवानं विचारलं, "आजोबा, आवाज घुमतो म्हणून घुमट म्हणतात का?" मलाही आजवर तसंच वाटायचं. कोश उघडला, तर घुमट निघाला फारसीतल्या 'गुंबद'मधून आलेला! पण घुमणं मात्र आपलंच. वळचणीला पारवा घुमतो, नगारा घुमतो, आरतीत 'दिगंबरा' घुमतं. आवाज आत कोंडतो, भिंतींवर आपटून परत येतो, तेव्हा आपण हा शब्द वापरतो.

आणि माणूसही घुमतो. गाणगापूरला आरतीच्या वेळी खांबांना धरून घुमणारी माणसं आपण पाहिली असतीलच. नोकरीत असताना मी तिथं गेलो, तेव्हा अशीच एक बाई घुमत होती. मी सौ.ला म्हटलं, "सगळं ढोंग आहे, चल." बँकेत खोटी सही ओळखायची सवय, दुसरं काय!

पुढे धाकट्या बहिणीचा मुलगा गेला. तेराव्यानंतर एका रात्री तिच्या खोलीतून तोच आवाज आला. शब्द नाहीत, रडणं नाही, नुसतं घुमणं. डॉक्टरांना दाखवलं, औषध चालू आहे, उतारही आहे. (तीर्थ जरूर घ्यावं, पण औषध सोडू नये, असं माझं स्पष्ट मत.)

यंदा तिला घेऊन गाणगापूरला गेलो. खांबापाशी एक बाई घुमत होती. बहीण सरळ जाऊन तिच्या शेजारी बसली. आरती संपेपर्यंत मी तिची पिशवी धरून मागे उभा होतो.