जाणीव हरपली तर माणूस उरतो का?



पुण्याला किंवा संभाजीनगरला शिकणारी आपली मुले सुट्टीत घरी येतात आणि रविवारच्या मिस्सानंतर आवारात आम्हाला गाठतात. हल्ली त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "फादर, आत्मा म्हणजे चेतनाच ना? मग शरीर म्हणजे नुसते कपडेच झाले की!" कोणी हे ध्यानाच्या शिबिरात ऐकलेले असते, कोणी मोबाइलवर. विश्वचेतना, ऊर्जा, सूक्ष्म देह, मागचा जन्म हे शब्द इतके अंगवळणी पडले आहेत की ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आले हे कोणी विचारत नाही. पुष्कळांना वाटते की हे सारे प्राचीन ऋषिमुनींचे जसेच्या तसे बोल आहेत. काही शब्द खरोखरच जुने आहेत. पण आज ज्या साच्यातून ते आपल्या कानी पडतात तो साचा जेमतेम दीडशे वर्षांचा आहे, आणि त्याची काही घडण आपल्या मुंबईत, गिरगावात झाली.

फेब्रुवारी १८७९ मध्ये मॅडम ब्लॅव्हॅट्स्की ही रशियन बाई आणि कर्नल ऑल्कॉट हे अमेरिकन गृहस्थ मुंबई बंदरात उतरले. चार वर्षांपूर्वी, १८७५ साली, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली होती. मुंबईत त्यांनी गिरगावात बिऱ्हाड केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक सुरू केले. १८८२ च्या अखेरीस ते मद्रासजवळ अड्यारला गेले. सोसायटीचे मुख्य केंद्र आजही तेथेच आहे. त्या काळी साहेबाच्या तोंडून आपल्या धर्मग्रंथांची स्तुती ऐकणे ही मोठी नवलाई होती, त्यामुळे शिकलेले लोक ओढले गेले. त्यांत तुकाराम तात्या पडवळ होते. 'जातिभेद विवेकसार' लिहिणारे आणि तुकोबांच्या अभंगांची गाथा छापणारे हेच तात्या. अहमदाबादेत जन्मलेला दामोदर मावळंकर हा तरुणही होता. घरची श्रीमंती आणि जात दोन्ही सोडून तो सोसायटीत आला आणि हिमालयापलीकडच्या गुरूंच्या शोधात १८८५ साली सिक्कीमच्या वाटेने तिबेटकडे निघाला, तो परतलाच नाही. ही माणसे भोळी किंवा पोकळ होती असे समजू नये. सोसायटीचे पहिले उद्दिष्ट वंश, धर्म, लिंग, जात, वर्ण यांचा भेद न करणारा विश्वबंधुभाव हे होते. आपल्या समाजाच्या वाडवडिलांनी त्या काळी काय सोसले हे आठवले म्हणजे या उद्दिष्टाची किंमत कळते.

त्यांची शिकवण काय होती? थोडक्यात सांगायचे तर, जाणीव ही मेंदूतून निघत नाही. विश्वाच्या मुळाशीच जाणीव आहे. दगडात ती निद्रिस्त असते, झाडात कूस बदलते, जनावरात जागी होते आणि माणसात तिला स्वतःची ओळख पटते. माणूस सात तत्त्वांचा बनलेला आहे: स्थूल शरीर, लिंगशरीर, प्राण आणि वासना ही खालची चार, मनस, बुद्धी आणि आत्मा ही वरची तीन. खालची चार मरणानंतर विरून जातात. वरची तीन टिकतात आणि पुन्हा पुन्हा जन्म घेत पूर्णत्वाकडे चढत जातात. ब्लॅव्हॅट्स्कीबाईंचा 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' हा ग्रंथ १८८८ साली निघाला. ॲनी बेझंट यांनी १९०४ साली जाणिवेवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले.

बेझंटबाईंविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण त्या एका पाद्र्याची पत्नी होत्या. १८७१ साली त्यांच्या दोन्ही लेकरांना डांग्या खोकला झाला आणि धाकटी मुलगी मरता मरता वाचली. तान्ह्या जिवाला असे तडफडवणारा देव चांगला कसा, हा प्रश्न त्या आईला पडला आणि त्याचे समाधान होईना. १८७३ मध्ये त्यांनी चर्च सोडले. पुढे त्या नास्तिक झाल्या, मग थिऑसॉफिस्ट. १८९३ मध्ये त्या भारतात आल्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या हे आपण शाळेत शिकलो आहोत. आम्हाला मात्र त्यांच्या चरित्रात आजारी लेकराच्या उशाशी बसलेली ती आईच पुन्हा पुन्हा दिसते. पूर्वजन्मीचे कर्म या उत्तराने त्यांना शांती मिळाली. आम्हाला ते उत्तर पटत नाही. खोकणाऱ्या लेकराच्या माथी कोणत्या तरी अनोळखी माणसाचे पाप मारणे आमच्याने होत नाही. पण तो प्रश्न अश्रद्धेचा नव्हता हे आम्ही मानतो. ईयोबानेही तोच विचारला होता.

१८८४ मध्ये मद्रासच्या एका ख्रिस्ती मासिकाने ब्लॅव्हॅट्स्कीबाईंची म्हणून काही पत्रे छापली आणि त्यांचे चमत्कार हातचलाखीचे असल्याचा गवगवा झाला. मिशनऱ्यांना आनंद झाला. तो वाद पुढे शंभर वर्षे चालला, आणि आम्हाला त्यात फारसा रस नाही. चमत्कार खोटे ठरले म्हणून जाणिवेचा प्रश्न सुटत नाही.

कारण प्रश्न खरा आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना तो आम्हाला छळत असे. मोसंबीची फोड तोंडात टाकली की मेंदूत काय काय घडते हे शास्त्रज्ञ बरेच सांगू शकतात; पण त्या घडामोडीला मोसंबीची चव का असावी, हे अद्याप कोणी सांगितलेले नाही. १९९८ साली क्रिस्टॉफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाशी पैज मारली होती की पंचवीस वर्षांत मेंदूतील जाणिवेची खूण सापडेल. २०२३ मध्ये तो पैज हरला आणि त्याने कबूल केल्याप्रमाणे वाइनच्या बाटल्या दिल्या. तेव्हा केवळ जडातून जाणीव निघते हे थिऑसॉफिस्टांनी नाकारले, यात त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. इथवर ते आणि आपण एका वाटेवर आहोत.

वाट फुटते ती पुढे. १८८९ च्या एका पुस्तकात ब्लॅव्हॅट्स्कीबाईंनी नटाचे उदाहरण दिले आहे. टिकणारा अंश हा नट आणि प्रत्येक जन्म ही त्याची एकेका रात्रीची भूमिका. खेळ संपला की राजाचा अंगरखा उतरवायचा, दुसऱ्या रात्री भिकाऱ्याचा चढवायचा. ऐकायला हे गोड वाटते. पण बंधूंनो, या हिशेबात आपली आई कोण? नट की भूमिका? जिने आपल्याला न्हाऊमाखू घातले, जिच्या हाताला लसणाचा वास यायचा, जी अमुक एका गावात जन्मली आणि अमुक नावाने हाक मारली की ओ द्यायची, ती तर भूमिका ठरली. त्या जन्मीच्या चांगल्याचा अर्क तेवढा नटाकडे जाणार. दोन जन्मांच्या मधल्या सुखाच्या अवस्थेत मेलेल्या आईला आपली मुले भोवतीच आहेत असे वाटत राहते, हेही त्या पुस्तकात आहे; पण इकडे मुले रडत असतात आणि तिला त्याची वार्ता नसते. आम्हाला हे वाचून सांत्वन होत नाही. आपल्या मेलेल्या माणसाला पुन्हा भेटायचे असते ते त्यालाच, त्याच्या अर्काला नव्हे.

जुलै १९१९ मध्ये रोमच्या होली ऑफिसने थिऑसॉफीची मते ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीशी जुळत नाहीत असा निर्णय दिला, त्याच्या मुळाशी हेच आहे. आता कोणी म्हणेल, ही पंडितांची भांडणे, आपल्याला त्याचे काय? म्हणून एक खरी घटना सांगतो.

२७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच एका सफाई कामगाराने अत्याचार केला. गळ्याभोवती साखळी आवळली गेल्याने मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा कधीच शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली एकेचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना भरवले, पुसले, कूस बदलून दिली. ज्या मैत्रिणी होत्या त्या निवृत्त झाल्या. नंतर आलेल्या मुलींनी अरुणाला कधी बोलताना पाहिलेही नव्हते, तरी पाळी चुकली नाही. त्यांचे हे जिणे थांबवावे अशी विनंती करुणेपोटी सर्वोच्च न्यायालयात केली गेली होती. मार्च २०११ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार याच कर्मचाऱ्यांचा आहे असे मानले. त्याच निकालाने काही अटींवर उपचार थांबवण्याची वाटही देशात खुली केली, तो विषय मोठा आहे, पुन्हा केव्हातरी बोलू.

जडवादी म्हणेल, जाणीव विझली, अरुणा आता नाही. थिऑसॉफिस्ट म्हणेल, जाणीव दुसऱ्या लोकात आहे, इथे तिचे वाहन पडले आहे. दोघांची मते दोन टोकांची, पण खाटेकडे बोट दाखवून दोघेही एकच म्हणतात की ही ती नव्हे. त्या परिचारिकांच्या हातांना मात्र ते कबूल नव्हते. त्यांच्यात सर्व धर्मांच्या मुली असतील, कोणी तत्त्वज्ञान शिकले नसेल. पण अंग पुसताना त्या अरुणाचे अंग पुसत होत्या, एखाद्या वस्तूचे नव्हे.

जाणीव गेली असे आपण समजतो तेव्हा ती खरोखर गेलेली असते का, हेही आता पूर्वीइतके स्पष्ट राहिलेले नाही. २००६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अपघातानंतर कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका स्त्रीला सांगितले, "आपण टेनिस खेळतो आहोत अशी कल्पना करा." यंत्रात तिचा मेंदू धडधाकट माणसासारखाच उजळला. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सांगितलेले काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचे मेंदू आतून सूचना पाळताना आढळले. पण आम्ही आपला सारा भार या यंत्रावरही टाकणार नाही. उरलेल्या १८१ जणांचे काय? मेंदू उजळला तर माणूस, नाही तर वाहन, असे आपण म्हणणार आहोत का? पोप जॉन पॉल दुसरे यांनी मार्च २००४ मध्ये डॉक्टरांपुढे बोलताना निक्षून सांगितले की अशा अवस्थेतही माणूस माणूसच राहतो, आणि त्याला अन्नपाणी देणे हे औषध नसून नेहमीची काळजी आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी सातशे वर्षांपूर्वी एक धीट विधान केले होते. केवळ आत्मा तरला म्हणून मी तरलो असे होत नाही, कारण मी म्हणजे नुसता आत्मा नव्हे. भक्तिभावाने आत्म्याची थोरवी गाणाऱ्यांना हे कानाला खटकते. पण म्हणूनच आपण विश्वासांगीकारात आत्म्याच्या अमरत्वावर थांबत नाही, देहाच्या पुनरुत्थानाचे नाव घेतो. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना त्यासाठी बी आणि रोप यांचा दाखला घेतला. जालना हे तर बियाण्यांचे गाव; बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको काढली तेव्हापासून देशभर आपली तीच ओळख आहे. आपल्यातील किती जण बीजोत्पादनाच्या प्लॉटवर राबले आहेत. त्यांना विचारा, बी म्हणजे रोपाने उतरवून ठेवलेला सदरा आहे का? जे पेरले तेच उगवते, आणि तरी पेरलेल्यापेक्षा निराळे दिसते.

आपली भाषा दोन्ही बोलते, ही गंमत आहे. कोणी गेले की आपण म्हणतो, पाखरू उडाले, पिंजरा राहिला. आणि लगेच त्या पिंजऱ्याला ऊन पाण्याने आंघोळ घालतो, नवे कापड नेसवतो आणि 'मातीला' जातो. तोंडाने काहीही म्हटले तरी आपल्या हातांची श्रद्धा शाबूत आहे असे आम्हाला प्रत्येक अंत्यविधीला वाटते.

आता घरातली गोष्ट. आपल्या धर्मग्रामात अशी कुटुंबे आहेत जिथे म्हातारे माणूस खाटेवर आहे, लेकरांची नावे विसरले आहे, कोणाला ओळखत नाही. तैलाभ्यंगासाठी आम्हाला बोलवायला घरचे संकोचतात. "त्यांना काही कळत नाही, फादर, तुम्हाला उगीच त्रास." ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम १००६ असे की, शुद्धीवर असताना ज्याने हा संस्कार मागितला असता अशा आजाऱ्याला तो द्यावा. त्याला कळले पाहिजे अशी अट त्यात नाही. तेल लावायचे ते कपाळाला आणि हातांना, आणि ती त्याचीच असतात. तेव्हा अशा घरांनी निःसंकोच निरोप द्यावा, वेळ पाहू नये. मळ्यात किंवा वस्तीवर राहणाऱ्यांनी फक्त एखाद्या मुलाला फाट्यावर उभे करावे, अंधारात वाट चुकते.