रमचा राग, माडीचे हसू

माडी प्यायलेला हसतो, बिअर प्यायलेला बडबडतो आणि रम प्यायलेला भांडण उकरून काढतो, असे आपल्या वसईत लग्नाच्या मांडवात सर्रास ऐकू येते. “माणूस वाईट नाही हो फादर, त्याला रम मानवत नाही,” असा खुलासा पुढे घरचेच करतात. बहुतेक वेळा त्याची पत्नीच.

रसायनशास्त्र या खुलाशाला फारसा आधार देत नाही. प्रत्येक मद्यात नशा आणणारे द्रव्य एकच, इथेनॉल. बिअरमध्ये ते सुमारे ५ टक्के, द्राक्षारसात १२-१३, तर आपल्याकडील बहुतेक रम-व्हिस्कीत ४२.८ टक्के असते. ते रक्तात किती आणि किती वेगाने चढते, हाच मुख्य फरक. उपाशीपोटी घाईने रिचवलेली रम आणि जेवणासोबत सावकाश घेतलेला द्राक्षारस यांचा परिणाम सारखा कसा होईल?

तरीही अनुभव निराळा सांगणारे पुष्कळ आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २१ देशांतील सुमारे ३०,००० तरुणांना याविषयी विचारले होते. तीव्र मद्याने आपण आक्रमक होतो, असे जवळजवळ ३० टक्क्यांनी सांगितले. तांबड्या द्राक्षारसाने शांत वाटते, असे निम्म्याहून अधिकांनी. मात्र हे त्यांचे सांगणे होते, मोजमाप नव्हे.

अमेरिकेत १९७५ साली अ‍ॅलन लँग व सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. काहींना व्होडका म्हणून नुसते टॉनिक दिले, काहींना टॉनिक म्हणून व्होडका. दुसऱ्यास विजेचे झटके देण्याची मुभा मिळताच, ‘आपण मद्य प्यालो’ असे मानणारेच अधिक आक्रमक ठरले, मग पोटात काहीही असो! मद्याचा स्वतःचा परिणाम नसतोच असे नव्हे. नंतरच्या संशोधनाने तोही दाखवला आहे. पण समजुतीचा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

मग दोष कोणाचा? संत थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिया’त नेमका हाच प्रश्न घेतला आहे. नशेत विवेक झाकोळतो, म्हणून त्या अवस्थेतील कृत्याचा दोष काहीसा कमी होतो, हे ते मान्य करतात. परंतु पिणेच दोषास्पद असेल, तर पुढच्या कृत्यातून पूर्ण सुटका नाही. हा निकष रमच्या सबबीला लावून पाहावा. समजूत खोटी असेल, तर राग बाटलीतला नव्हता, माणसातलाच होता. समजूत खरी असेल, तर प्रकरण अधिकच गंभीर होते: रमने आपला हात उठतो हे पुरते ठाऊक असूनही त्याने रमच मागवली. एका रात्रीची चूक अज्ञान ठरू शकेल. दहाव्या रात्रीची कशी ठरेल?

आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकते. हाच गृहस्थ, तीच रम पोटात असताना, नाक्यावर पोलीस दिसताच मान खाली घालून कडेने चालतो. वाटेत साहेब भेटले तर अदबीने हात जोडतो. त्याचा आवाज चढतो तो घराचा उंबरठा ओलांडल्यावर.