टॉवेलच्या घडीतली अक्कल

कोलांटउडी मारणाऱ्या यंत्रमानवाचा व्हिडिओ कुणीही आवडीने बघतो. टॉवेलची घडी घालणाऱ्या यंत्राचा व्हिडिओ बघायला मात्र धीर लागतो. तरीही यंत्रांची अक्कल कुठवर आली हे समजून घ्यायचं, तर हा दुसरा, कंटाळवाणा व्हिडिओच जास्त बोलका आहे.

2010 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी पीआर-2 नावाच्या यंत्रमानवाचं असं एक चित्रण लोकांसमोर ठेवलं. टेबलावर टॉवेलांचा ढीग. यंत्र त्यातला एक उचलतं, हवेत लोंबकळता धरतं, फिरवून फिरवून न्याहाळतं. एक कोपरा हाती लागला की दुसरा शोधतं. मग टॉवेल ताणून धरून घडी घालतं आणि बाजूला रचून ठेवतं. सगळं कसं झटपट! पण चित्रण पन्नास पट वेगाने पळवलेलं होतं. प्रत्यक्षात एकेका टॉवेलला वीस-पंचवीस मिनिटं लागत होती. संशोधकांनी हे लपवलं नव्हतं, आणि त्यांचं यश खरंच मोठं होतं: आधी कधी न पाहिलेल्या टॉवेलांवर 50 पैकी 50 प्रयत्न साधले होते.

एवढं अवघड काय आहे त्यात? बुद्धिबळाच्या पटावर घोडा कुठे आहे, याचं उत्तर एकच असतं. चुरगळलेल्या कापडाला ठरलेला आकारच नसतो. कोपरा घडीत दडलेला असतो, कड दुमडलेली असते आणि हात लावताच सगळं पुन्हा बदलतं.

यंत्रमानवांचे संशोधक हान्स मोरावेक यांना हे फार आधी उमगलं होतं. 1979 मध्ये स्टॅनफर्डला त्यांच्या कॅमेरा लावलेल्या गाड्याने खुर्च्या मांडलेली एक खोली कुणाच्या मदतीशिवाय पार केली, तेव्हा त्याला सुमारे पाच तास लागले होते. 1988 च्या ‘माइंड चिल्ड्रन’ या पुस्तकात त्यांनी त्यातलं मर्म मांडलं. मोठ्या माणसांचे बुद्धीचे खेळ यंत्राला शिकवणं तुलनेने सोपं. वर्षाच्या पोराला जे बघता-धरता-चालता येतं, ते शिकवणं महाकठीण. त्यांनी कारण दिलं ते उत्क्रांतीचं. डोळे आणि हातपाय यांच्या मागे कोट्यवधी वर्षांचा सराव आहे, तर्कशास्त्र कालपरवाचं. जे आपल्याला आपोआप जमतं, त्यामागची मेहनत आपल्याला दिसतच नाही.

पुढची कित्येक वर्षं जणू हेच सिद्ध करण्यात गेली. 1997 मध्ये डीप ब्लू या संगणकाने बुद्धिबळाचा विश्वविजेता कास्पारोव्हला हरवलं. 2016 मध्ये सोलला ‘गो’ या पटावरच्या खेळात अल्फागो या संगणक प्रणालीने नामवंत खेळाडू ली सेडोलवर 4-1 अशी मात केली. दुसऱ्या डावातली अल्फागोची 37 वी चाल पाहून जाणकार चक्रावले. पण त्या सामन्याचं चित्रण नीट पाहा: पटावर खडा ठेवणारा हात माणसाचा आहे. विचार यंत्राने करायचा आणि खडा आजा हुआंग या संशोधकाने उचलायचा, अशी ती वाटणी होती. त्याच्या आदल्या वर्षी कॅलिफोर्नियात पोमोनाला ‘डार्पा’ या अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्थेच्या स्पर्धेत यंत्रमानव दार उघडताना, गाडीतून उतरताना धडाधड कोसळत होते आणि जग हसत होतं. 2017 मध्ये अ‍ॅटलस या यंत्रमानवाने उलटी कोलांटी मारली, तेव्हा तेच जग धास्तावलं. खरं तर सपाट, ओळखीच्या जागेवर तालीम करून मारलेली कोलांटी वेगळी आणि अनोळखी घरातला कपड्यांचा ढीग वेगळा.

त्या ढिगाचं कोडं आता कुठे सुटू लागलं आहे. 2024 च्या जानेवारीत टेस्लाच्या ऑप्टिमस या यंत्रमानवाने शर्टाची घडी घातली. चित्रणाच्या कोपऱ्यात त्याच हालचाली करणारा एक हात लोकांनी हेरला. हे काम यंत्र अजून आपलं आपण करत नाही, असं इलॉन मस्क यांनीच स्पष्ट केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फिजिकल इंटेलिजन्स या कंपनीने ड्रायरमधले कपडे काढून घड्या घालणारं यंत्र दाखवलं. तिथे पडद्याआड कुणी नव्हतं.

कोपऱ्यातल्या त्या हाताला लबाडी म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. पण आजची यंत्रं शिकतात ती अशाच हातांकडून. पूर्वी संशोधक नियम लिहून देत. आता माणूस दुरून यंत्राचे हात चालवतो, पुन्हा पुन्हा तेच काम करून दाखवतो, आणि यंत्र त्यातून वळण उचलतं. चॅटजीपीटीसारख्या यंत्रांना माणसाने लिहिलेला मजकूर इंटरनेटवर आयता मिळाला. बोटांना काय कळतं हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते भांडार नव्याने भरावं लागतं.

ते भरणारे हात आपल्याही देशात आहेत. तामिळनाडूतलं करूर टॉवेल-चादरींसाठी प्रसिद्ध. तिथे डोक्याला कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या कामगारांच्या बातम्या 2025 मध्ये आल्या. त्यांच्या हातांचं हे चित्रण परदेशी यंत्रांच्या शिकवणीसाठी जातं.

म्हणून असा व्हिडिओ समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात: वेग किती पट केला आहे, किती प्रयत्नांतला हा एक आहे, आणि हे वळण कुणाच्या हातचं आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कधी कधी कंपन्या देतात. तिसरं उत्तर आपल्यालाच मागावं लागेल. घडी घालणं, भांडी लावणं, अंथरूण आवरणं यांना ‘त्यात काय मोठंसं’ म्हणत आपण पिढ्यान्‌पिढ्या कमी मोल दिलं, घरात तर फुकटच करून घेतलं. बुद्धिबळातला विश्वविजेता हरल्यावरही जे यंत्राच्या हाताला कितीतरी वर्षं लागलं नाही, ते काम बिनअकलेचं कसं असेल? ती अक्कल विकत घ्यायला आता कंपन्या निघाल्या आहेत, तर भावही अकलेचाच द्यायला हवा.