यमुनेपलीकडची आई



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ३ आणि ४.

आज २६ नोव्हेंबर आणि वाचनात आलाय कृष्णजन्म. हा भाग आपण एरवी जन्माष्टमीला ऐकतो, पाळणा म्हणतो, सुंठवडा खातो आणि घरी येतो. आज मात्र जरा थांबून वाचूया, कारण आज मला एका मुलीची आठवण काढायची आहे. ती हिंदू नव्हती आणि जन्माने भारतीयही नव्हती. पण कृष्णजन्माची कथा वाचताना दरवेळी ती मला आठवते.

कथा तुम्हाला पाठच आहे. देवकीची सहा बाळं कंसाने मारली. आठव्याला वसुदेव टोपलीत घालून भर पावसात निघाला. यमुनेने वाट दिली. पलीकडे गोकुळात यशोदा बाळंत होऊन गाढ झोपली होती, आपल्याला मुलगा झाला की मुलगी हेही तिला कळलं नव्हतं. वसुदेवाने बाळ तिच्या कुशीत ठेवलं. पुढे कृष्ण साऱ्या जगाला ठाऊक झाला तो यशोदेचा म्हणून. जन्म देणारी एक आणि वाढवणारी दुसरी, आणि भागवताने दोघींनाही आईच म्हटलं.

ज्यू लोकांच्या धर्मग्रंथातही अशीच एक कथा आहे. तिथेही एक राजा, इजिप्तचा फारो, इब्री लोकांच्या नवजात मुलग्यांना मारायचा हुकूम काढतो. एक आई आपलं बाळ टोपलीत घालून नाईल नदीच्या लव्हाळ्यात ठेवते. ते सापडतं खुद्द राजकन्येला. ती त्याला आपला मुलगा मानते आणि पाण्यातून काढला म्हणून त्याचं नाव ठेवते मोशे. तोच पुढे आपल्या लोकांना गुलामीतून सोडवतो. इथेही नदी आहे, टोपली आहे, क्रूर राजा आहे, आणि परक्याचं लेकरू उचलून घेणारी बाई आहे.

ही कथा आपल्या मराठीला परकी नाही बरं का! कोकणातले बेने इस्रायली म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि कोकणाने त्यांना ठेवून घेतलं. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात याच मंडळींनी आपल्या धर्मग्रंथातल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. म्हणजे परदेशातून आलेल्याला दत्तक घ्यायची या मातीची सवय जुनी आहे.

आता त्या मुलीबद्दल.

तिचं नाव रिव्का होल्ट्झबर्ग. जन्म इस्रायलचा. २००३ साली ती नवऱ्याबरोबर, रब्बी गॅव्हरिएलबरोबर, मुंबईत आली. छाबाद या ज्यू पंथातली तरुण जोडपी जगभरच्या शहरांत जाऊन राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ज्यूंसाठी घर उघडं ठेवतात. कुलाब्यातल्या नरिमन हाऊसमध्ये रिव्काने असंच घर मांडलं. पाठीवर पिशवी घेऊन भारत फिरणारी पोरं, व्यापारी, उपचारासाठी आलेले लोक, सगळ्यांसाठी तिथे धर्माच्या नियमांप्रमाणे शिजवलेलं अन्न असे. शुक्रवारी संध्याकाळी सूर्यास्ताआधी दिवे लागत आणि अनोळखी माणसं एका टेबलाशी बसून जेवत.

या घरात दुःखही होतं. तिचा पहिला मुलगा एका असाध्य आनुवंशिक आजाराने लहानपणीच गेला होता. दुसऱ्यालाही तोच आजार होता, त्याच्यावर इस्रायलमध्ये उपचार चालू होते. देवकीची गोष्ट वाचताना मला हे आठवतं. तिसरा मुलगा निरोगी होता. त्याचं नाव मोशे.

२६ नोव्हेंबर २००८, बुधवारच्या रात्री दहशतवादी त्या घरात शिरले. रिव्का आणि गॅव्हरिएल यांच्यासह सहा ज्यूंचा तिथे जीव गेला. रिव्का २८ वर्षांची होती. ते घर सोडवताना एनएसजीचे हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट यांना वीरमरण आलं. ज्यांच्याशी कसलंच नातं नव्हतं, त्यांच्यासाठी डेहराडूनकडचा हा माणूस जिवावर उदार झाला. घर मोकळं झालं तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ होती. त्या घरात एरवी दिवे लागायची वेळ.

आणि मोशे? दोन वर्षांचा होत आलेल्या त्या बाळाला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल खाली एका खोलीत लपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून बाळाचं रडणं ऐकू आलं. त्या वर गेल्या. आईवडील निपचित पडलेले आणि शेजारी मोशे. त्यांनी त्याला उचललं आणि त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या काझी झाकिर हुसेन यांच्यासोबत बाहेर धाव घेतली. ज्यू बाळ, ख्रिस्ती दाई आणि मुसलमान सोबती. त्या सकाळी वसुदेवाची टोपली या दोघांच्या हाती होती, असं मला वाटतं.

हे सगळं मी मागे एकदा आमच्या सत्संगात सांगितलं. पुण्यात आयटीत काम करणारी एक मुलगी ऑनलाइन जोडलेली होती. तिने सरळ विचारलं, "ताई, ती तर देवाचंच काम करत होती ना? मग तिलाच असं मरण का?"

मंडळी, अशा वेळी आपल्याला गीतेचा दुसरा अध्याय पटकन आठवतो. आत्मा अमर, शरीर म्हणजे जुनं वस्त्र. हे खरंच आहे. पण कोणाला आणि कधी सांगायचं, हेही धर्मातच येतं. माझी मावसबहीण २६ व्या वर्षी तापाने गेली. तेराव्याच्या आत घरी येणारा प्रत्येक जण मावशीला आत्म्याचं अमरत्व समजावत होता. मावशी शांतपणे म्हणाली, "आत्मा अमर हाये, माहीत हाये मले. पण संध्याकाळी दारावरून आई म्हणून हाक कोण मारन?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

आणि महाभारत बघा. प्रत्यक्ष भगवंताने ज्याला गीता सांगितली, तो अर्जुन. ती ऐकून काहीच दिवस झाले होते, आणि अभिमन्यू पडला. अर्जुन काय करतो? धाय मोकलून रडतो. तेव्हा "अरे, तुला एवढं सांगितलं ते विसरलास का?" असं कृष्ण त्याला सुनावत नाही. तो त्याला धीर देतो. रडणाऱ्या सुभद्रेजवळ जातो, तिचंही सांत्वन करतो. म्हणून मी त्या मुलीला एवढंच म्हणाले, की "का" याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते असल्यासारखं बोलणं म्हणजे मेलेल्यावरही अन्याय आणि रडणाऱ्यावरही. भक्ताला रडायची मुभा आहे. गीता ऐकलेल्यालासुद्धा.

पण "का" सुटत नसलं तरी एक प्रश्न आपल्या हातात उरतो: अशा माणसाची आठवण कशी ठेवायची?

२६/११ आली की आपण स्टेटसला मेणबत्ती लावतो, जळत्या ताजचा फोटो टाकतो. वाईट काही नाही त्यात. पण त्याने रिव्काचा फक्त शेवट आठवतो. पाच वर्षं तिने जो दरवाजा उघडा ठेवला, तो आठवत नाही. ज्यूंमध्ये माणूस गेला त्या तिथीला दरवर्षी घरात दिवा लावतात, आणि त्याच्या नावाने काही सत्कर्म करतात. मला ही रीत फार आवडते.

सँड्राताईंनी तेच केलं. स्वतःची मुलं मुंबईत असताना त्या मोशेसोबत इस्रायलला गेल्या, कारण ते लेकरू त्यांना सोडत नव्हतं. मोशेला आजी-आजोबांनी वाढवलं आणि सँड्राताई त्याच्या आयुष्यात राहिल्या. २०१० साली इस्रायलने त्यांना मानद नागरिकत्व दिलं. बघा, इस्रायलची लेक मुंबईने आपली म्हटली, आणि मुंबईची बाई इस्रायलने आपली म्हटली. जानेवारी २०१८ मध्ये ११ वर्षांचा मोशे मुंबईत आला, तेव्हा तो त्याच घरात परत गेला. ती वास्तू आज स्मारक आहे.

दत्तक घेणं म्हणजे नुसती कागदावरची सही नव्हे. आपल्या चंद्रपूरची गोंड राणी हिराई हिने नवऱ्यामागे रामशहाला दत्तक घेतलं आणि राज्य सांभाळलं. गंगाखेडची पोरकी जनी नामदेवांच्या घरात वाढली, आणि आज आपण तिला संत जनाबाई म्हणतो. आमच्या बल्लारपूरचंही तसंच. पेपर मिल आणि कोळशाच्या खाणींमुळे इथे तेलुगू, बंगाली, उत्तर भारतीय, सगळे येऊन राहिले. आई कामावर जायची तेव्हा मला जेवू घातलं ते शेजारच्या अम्मांनी. त्यांना मराठी धड यायचं नाही, मला तेलुगू अजिबात नाही. पण ताटात वाढलेला भात दोघींना कळायचा. यशोदा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर त्याच येतात.

तुमच्यापैकी बरेच जण पुण्यात, मुंबईत, हैदराबादेत एकटे राहता. तुमच्या मजल्यावर कोणी दूर गावाहून नवीन राहायला आलं असेल. पीजीमधली कोणी सणाला घरी जाऊ शकत नसेल. तिची भाषा वेगळी असेल, धर्म वेगळा असेल. देव आपल्याकडे येतो तो बहुतेक असाच, परक्या कुशीतून, रात्री-अपरात्री, टोपलीत. यशोदेने आधी चौकशी केली नाही की हे कुणाचं.

आजचा संकल्प : येत्या शुक्रवारी संध्याकाळी एक दिवा लावा, आणि ज्याला तुम्ही आजवर फक्त लिफ्टमध्ये पाहिलंय अशा एका माणसाला जेवायला बोलवा. वरण-भात चालेल. मनात रिव्काचं नाव घ्या.

आजची प्रार्थना : हे यशोदेच्या कान्ह्या, ज्या लेकी आमच्याकडे दुरून आल्या आणि लवकर गेल्या, त्यांना तुझ्या चरणांशी ठेव. त्यांच्या मागे राहिलेल्या लेकरांना कूस मिळू दे. आणि ती कूस कधी आमची असायची वेळ आली, तर आम्हाला झोपेतून जागं कर.

राम कृष्ण हरी 🙏