गावाचं कुत्रं, गावाची बंदूक

"पोराच्या अंगावर धावून आलेल्या कुत्र्याला गोळी घालायची की नाही? सरळ सांग," मामा म्हणाला.

"घालायची. कॅनडाच्या बॅफिन बेटावर कोल्ह्यांकडून कुत्र्यांत रेबीज येतो, तिथे वाट बघून चालत नाही. मोकळं दिसलं की मार, या सरसकट मोहिमेला माझा विरोध आहे."

"अगं, तुम्ही डॉक्टर येणार वर्षातून एकदा, तेही हवा बरी असली तर. तोवर गावाने काय करायचं?"

इथे मी अडते. त्या गावांना जोडणारा रस्ता नाही, बहुतेक ठिकाणी पशुवैद्य नाही. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, दोन महिन्यांत विते. माझ्या दोन फेऱ्यांच्या मध्ये तिची दोन वेतं होऊ शकतात.

"पण मामा, गोळीचंही तेच. उरलेल्यांना खाणं जास्त मिळतं, पिल्लं जगतात. पुढच्या वर्षी पुन्हा बंदूक."

"मग बांधून ठेवा."

"हेच पोलीस सांगायचे! तिथला इनुइट माणूस कुत्र्यांच्या स्लेजवर शिकारीला जायचा. 1950 नंतर ही कुटुंबं सरकारी वसाहतींत आली आणि हुकूम निघाला, कुत्री बांधा. साखळीला राहून कुत्रं अशक्त होतं, चिडतं, हे इनुइटांना पक्कं ठाऊक होतं. मोकळी दिसली तेव्हा पोलिसांनी शेकडो मारली. कुत्री गेली तशी शिकारही गेली, जुन्या मुलखात परतायची सोयही. इनुइटांच्या किकिक्तानी सत्यशोधन आयोगाने 2010 मध्ये हे मांडलं. कॅनडाच्या सरकारने माफी मागितली ती 2019 मध्ये."

"आजोबांवर अन्याय झाला, म्हणून नातवाने चावा सोसायचा?"

"मुळीच नाही. पण कुठलं कुत्रं मारायचं, हे गावाने ठरवावं. मला पटलं नाही तरी मी आडवी येणार नाही."

"म्हणजे हात झटकलेस."

"नाही मामा. रेबीजची लस टोचायला गावातल्या माणसाला शिकवता येतं. नसबंदीला मात्र आम्हीच लागतो: शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडायचं, भूल द्यायची, टाके घालायचे, शुद्धीवर येईपर्यंत घोंगडीत गुंडाळून शेजारी बसायचं. दक्षिणेत बसून बंदुकीचा निषेध करणाऱ्यांनी आधी आमच्या विमानाचं भाडं भरावं."

"ते भरतील?"

"भरायचं खरं ओटावातल्या सरकारने. वसाहतींत शाळा आणली, पोलीस आणले. पशुवैद्य नाही आणला."

"आणि तो येईपर्यंत?"

"मी जात राहीन. गावही बंदूक ठेवील."